कुलपे वाढली, जबाबदारी घटली

मालवाहतुकीतील चोरी ही बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी असते. निघालेला ट्रक ठरल्या गावी पोहोचलाच नाही, बंदरातून आलेल्या कंटेनरमध्ये कापडाच्या गाठींऐवजी विटा निघाल्या, गोदामातून औषधांची खोकी नाहीशी झाली, अशा स्वरूपाची ती बातमी वाचून वाचक पान उलटतो. चोरी झाली ती कोणा व्यापाऱ्याच्या मालाची, आणि व्यापाऱ्याचा विमा असणारच, अशी त्याची समजूत असते. ही समजूत फारशी खरी नाही. विम्यामुळे नुकसान नाहीसे होत नाही. ते हप्त्यांच्या रूपाने वाटले जाते आणि अखेर साबणाच्या वडीच्या, औषधाच्या गोळीच्या आणि शाळेच्या वहीच्या किमतीत येऊन बसते. ज्याचा विमा नाही किंवा अपुरा आहे, अशा लहान कारखानदाराचे अथवा द्राक्षे परदेशी धाडणाऱ्या बागाईतदाराचे तर एका खेपेतच कंबरडे मोडते. तिसरा भरडला जातो तो ट्रकचालक. माल गेला की पहिला संशय त्याच्यावर येतो, मग तो गुन्ह्यात असो वा नसो.

या चोरीवर जे उपाय सुचवले जातात ते बहुतेक एकाच जातीचे असतात. अधिक भक्कम कुलूप, अधिक पहारेकरी, अधिक कॅमेरे. हे उपाय निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस येते. माल चोरीला जातो तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, किंवा कोणाच्याच ताब्यात नसताना. आणि चोरीला आळा बसतो तो अशा प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी नाव-गावानिशी उत्तरदायी असेल तेव्हा. हे उत्तरदायित्व ठरवण्याऐवजी केवळ कुलपांची संख्या वाढवली, तर चोरी थांबत नाही. ती पुढच्या टप्प्यावर सरकते.

थेम्सकाठचा धडा

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन हे जगातील एक प्रमुख बंदर होते, पण ते बंदर म्हणजे गर्दीने गुदमरलेली थेम्स नदी होती. वेस्ट इंडीज बेटांतून साखर, रम आणि कॉफी घेऊन आलेल्या जहाजांना धक्का मिळत नसे. ती नदीपात्रातच आठवडेच्या आठवडे नांगरून राहत. माल जहाजातून होड्यांत, होड्यांतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून वखारीत जाई, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यातील काही भाग गळे. पॅट्रिक कोल्हून या दंडाधिकाऱ्याने या गळतीचा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे ५ लाख पौंडांचा माल चोरीस जातो आणि नदीवर राबणाऱ्या ३३ हजार माणसांपैकी ११ हजार या चोरीत सामील आहेत, असा त्याचा अंदाज होता. हे आकडे काटेकोर मोजणीचे नव्हते, आणि आकडा मोठा दिसण्यात कोल्हूनचे व व्यापाऱ्यांचे हित होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि चोरी प्रचंड होती याबद्दल वाद नाही.

वेस्ट इंडीजशी व्यापार करणाऱ्यांच्या पैशावर २ जुलै १७९८ रोजी वॉपिंग येथे नदी-पोलीसदल सुरू झाले. जॉन हॅरियट याने त्याची योजना आखली होती आणि प्रारंभी त्यात सुमारे ५० माणसे होती. पहिल्या वर्षात ४,२०० पौंड खर्चून १ लाख २२ हजार पौंडांचा माल वाचवल्याचा दावा करण्यात आला आणि १८०० साली पार्लमेंटने कायदा करून हे दल सरकारी केले. आधुनिक पोलीसव्यवस्थेच्या इतिहासात या दलाचे नाव घेतले जाते ते ‘गुन्हा घडल्यावर पकडणारे’ नव्हे, तर ‘गुन्हा घडू न देणारे’ दल म्हणून.

या कथेतील एक भाग मात्र सहसा विसरला जातो. कोल्हूनच्या योजनेत पहाऱ्याबरोबरच जहाज रिकामे करणाऱ्या हमालांची नोंदणी होती आणि त्यांना ठरलेल्या दराने रोख मजुरी देण्याची व्यवस्था होती. तोवर या हमालांना धड मजुरी मिळत नसे. सांडलेली साखर, पिंपाच्या तळाशी उरलेला गाळ, फुटक्या पोत्यातील कॉफी ही जणू त्यांची दस्तुरीच समजली जाई. मजुरी कमी द्यायची आणि सांडलवंडीकडे काणाडोळा करायचा, हा मालकांच्याच सोयीचा सौदा होता. अर्थात, सांडलवंडीवर पोट असेल तर पोते फुटणारच. इतिहासकार पीटर लाइनबॉ यांनी दाखवून दिले आहे की, त्या काळात कामगारांचे कित्येक रूढ हक्क एका फटक्यात ‘चोरी’ या सदरात ढकलले गेले. त्याचे पर्यवसान संघर्षात झाले. कोळसा नेल्याबद्दल काही कोळसा-हमालांना शिक्षा झाल्यावर ऑक्टोबर १७९८ मध्ये जमाव पोलीस कचेरीवर चालून गेला. त्या दंगलीत दलासाठी काम करणारा गॅब्रिएल फ्रँक्स प्राणास मुकला.

पुढे १८०२ साली उंच भिंतींनी वेढलेल्या वेस्ट इंडिया गोद्या खुल्या झाल्या आणि जहाजांचे नदीपात्रातील ताटकळणे बरेच कमी झाले. या गोद्यांच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या रॉबर्ट मिलिगन या व्यापाऱ्याचा पुतळा लंडनकरांनी १८१३ साली उभारला. तोच पुतळा ९ जून २०२० रोजी हलवावा लागला, कारण मिलिगन गुलामांचा मालक होता. त्या गोद्यांत उतरणारी साखर गुलामांच्या श्रमातून पिकलेली होती. ज्यांनी माणसांचे अवघे श्रम फुकट लाटले, त्यांनीच मूठभर साखर उचलणाऱ्याला चोर ठरवावे, हा इतिहासातील उपरोध विसरण्याजोगा नाही. चोरीचे समर्थन यातून होत नाही. पण चोरी रोखण्याचा विचार करताना मजुरीचा प्रश्न वगळता येत नाही, एवढे मात्र निश्चित होते.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कोणाचाच नोकर नव्हता. आज काम, उद्या नाही, अशी त्याची स्थिती होती. गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा आणि माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्राचा १९६९ चा कायदा यांनी नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि काही सुरक्षा त्याच्या पदरात टाकली. हे कायदे चोरी थांबवण्यासाठी झाले नव्हते. ते माणसाला माणसासारखे जगता यावे म्हणून झाले होते. परंतु ज्याचे नाव नोंदलेले आहे, ज्याला महिन्याचा पगार आणि उद्याचे काम आहे, त्याला चोरी करणे परवडत नाही, हा त्यांचा आनुषंगिक लाभ होय.

पेटीतला माल

मालवाहतुकीच्या इतिहासातील दुसरे वळण २६ एप्रिल १९५६ रोजी आले. त्या दिवशी माल्कम मॅकलीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. त्या काळात सुटा माल जहाजावर चढवण्यास टनामागे ५.८६ डॉलर खर्च येई. कंटेनरमुळे तो १५.८ सेंटवर आला. खर्चाच्या या घसरणीइतकाच महत्त्वाचा फायदा चोरीच्या बाबतीत झाला. पूर्वी कापडाची गाठ, दारूची पेटी, घड्याळांचे खोके दहा-वीस हातांतून जाई, आणि प्रत्येक हाताला ते दिसे. आता कारखान्यात बंद झालेली पोलादी पेटी थेट गिऱ्हाइकाच्या दारात उघडू लागली. आत काय आहे हे वाटेत कोणाला कळेनासे झाले. गोदीतली भुरटी चोरी त्यामुळे बरीचशी आटली.

परंतु अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. जी पेटी चोराच्या नजरेपासून माल लपवते, तीच पेटी जबाबदार माणसांच्या नजरेपासूनही तो लपवते. जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंगवर माल ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार’ आत आहे असे लिहून मोकळी होते. तिने पेटी घेतली, आतला माल पाहिला नाही. बंदर म्हणते, सील शाबूत होते. ट्रकमालक म्हणतो, बंद पेटी घेतली, बंद पेटी दिली. प्रत्येकाचे म्हणणे आपल्यापुरते खरे असते, आणि सर्वांच्या खरेपणाची बेरीज केली तर पेटीत विटा निघतात.

सीलविषयीही गैरसमज फार. कंटेनरवर चार अक्षरे व सात आकडे मिळून जो क्रमांक असतो, त्यातील शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून व आकड्यांवरून हिशेबाने काढता येतो, म्हणजे क्रमांक चुकला तर तो पडताळता येतो. दाराला लागणाऱ्या सीलांनाही आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पण सराईत टोळी सीलला हातच लावत नाही. दाराच्या दांड्याचे अथवा बिजागरीचे रिव्हेट काढून दार उघडायचे, माल काढायचा आणि रिव्हेट पुन्हा बसवून रंगाचा हात फिरवायचा, ही त्यांची रीत. सीमाशुल्क खात्याचे सील शाबूत ठेवून वाटेत निर्यातीचा माल काढून घेतल्याची आणि त्या जागी रक्तचंदन भरल्याची प्रकरणे आपल्या देशातही उघडकीस आली आहेत. म्हणूनच या क्षेत्रातील जाणकार सील नुसते पाहू नका, त्याचा क्रमांक पडताळा, ते ओढा आणि पिळून पाहा, असे सांगतात. या चार कृतींना मिळून मिनिटभरही लागत नाही. त्या होत नाहीत याचे कारण वेळ नाही हे नव्हे. त्या न केल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही, हे आहे.

थांबलेला माल

कंटेनरने गोदीतली चोरी रस्त्यावर आणि रुळांवर आणली. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसमधील रेल्वेमार्गाची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. रुळांवर हजारो फाटकी पुडकी विखुरलेली होती. चोर धावत्या गाडीवर उड्या मारत नव्हते. यार्डाच्या तोंडाशी रखडलेल्या गाड्यांच्या कंटेनरची कुलपे ते तोडत होते. दररोज सरासरी ९० कंटेनर फोडले जात असल्याचे युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने म्हटले होते. थेम्सवर नांगरून पडलेली जहाजे आणि लॉस एंजेलिसच्या यार्डाबाहेर रखडलेल्या गाड्या यांत सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे, पण रोग एकच आहे. थांबलेला माल हा धोक्यातला माल असतो.

आपल्याकडे माल थांबतो तो बहुतांशी रस्त्याच्या कडेला, ढाब्यासमोर, पेट्रोलपंपाच्या आडोशाला. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा घातली. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या चालकाचा दिवस किती तासांचा असतो हे महामार्गावरून प्रवास करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. तो डुलकी घेतो ती केबिनमध्ये, आणि त्या डुलकीत ताडपत्री कापली जाते. लाखोंचा माल ज्याच्या हवाली करायचा, त्याला रात्री सुरक्षितपणे झोपायला जागा द्यायची नाही, आणि सकाळी माल कमी भरला तर त्यालाच पोलीस चौकीवर बसवायचे, हा न्याय ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ या जातीचा आहे. युरोपीय संघाने २०२२ साली ट्रकतळांच्या सुरक्षिततेच्या चार श्रेणी नियमांनी ठरवून दिल्या. कुंपण, प्रकाश, पहारा यांच्याबरोबरच चालकासाठी स्वच्छतागृह, स्नानगृह व भोजन यांचाही त्या नियमांत विचार आहे. चालकाची सोय आणि मालाची सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे तिथे ओळखले गेले.

कागदावरची चोरी

आता चोरीने तिसरे रूप घेतले आहे. कुलूप तोडण्याची गरजच उरलेली नाही. चोर कागद घेऊन येतो आणि माल त्याच्या स्वाधीन केला जातो.

बेल्जियममधील अँटवर्प बंदरात कंटेनर ताब्यात घेण्यासाठी सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. २०११ पासून सुमारे दोन वर्षे एका टोळीने संगणकांत शिरकाव करून हे क्रमांक मिळवले आणि खरा मालक येण्याआधीच आपले ट्रक पाठवून कंटेनर उचलले. त्यांना हवे होते त्यांत दडवलेले अमली पदार्थ. हा प्रकार २०१३ साली जगासमोर आला, आणि पुढे त्या बंदराने सांकेतिक क्रमांकाऐवजी नेणाऱ्याची ओळख पटवून ताबा देणारी पद्धत आणली. १७ एप्रिल २०२३ रोजी कॅनडातील टोरांटो विमानतळावर झुरिकहून ४०० किलो सोने आले. सुमारे ६,६०० लगडी, किंमत २ कोटी कॅनेडियन डॉलरांहून अधिक. त्याच सायंकाळी एक माणूस ट्रक घेऊन गोदामात आला आणि पावती दाखवून सोने घेऊन गेला. पावती सागरी खाद्याच्या एका खेपेची होती, आणि ती खेप आधीच नेण्यात आलेली होती. पुढे पोलिसांनी ज्यांच्यावर आरोप ठेवले, त्यांत विमान कंपनीत काम केलेल्या व्यक्तीही होत्या. कुंपणच शेत खाते, ही म्हण कॅनडातही खरी ठरावी, यात नवल नाही.

अमेरिका व कॅनडातील मालचोरीची नोंद ठेवणाऱ्या ‘कार्गोनेट’ या संस्थेने २०२४ मध्ये ३,६२५ घटना नोंदवल्या. आदल्या वर्षापेक्षा त्या २७ टक्क्यांनी अधिक होत्या. या वाढीत बनावट वाहतूकदार बनून माल उचलण्याच्या प्रकारांचा मोठा वाटा आहे. मालाचा मालक एका दलालाला काम देतो, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. अखेर दाराशी उभा राहिलेला ट्रक नेमका कोणाचा, हे भरून देणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्याकडेही ट्रक भरण्याचा व्यवहार असाच दलालांच्या साखळीतून आणि दूरध्वनीवरून होतो. बनावट क्रमांकपट्टी लावलेला ट्रक आणि बनावट परवाना घेतलेला चालक यांना या साखळीत शिरणे अवघड नाही.

जोखीम कोणाची?

येथे जुन्या व्यवहारातील एका शब्दाची आठवण होते. ‘हुंडेकरी’ म्हणजे वाटेतील जकात व खर्च आपल्या अंगावर घेऊन माल ठरल्या ठिकाणी पोहोचवण्याचा मक्ता घेणारा. व्यवहार एका माणसाशी, आणि विचारायचे तेही त्यालाच. ‘जोखमी हुंडी’ हाही असाच एक प्रकार. जहाजाने धाडलेला माल सुखरूप पोहोचला तरच ती हुंडी वटे. जोखीम कोणाकडे आहे हे व्यवहाराच्या आरंभीच स्पष्ट असे. आजच्या साखळीत कागद अधिक आहेत, पण ही स्पष्टता नाही.

कायद्याकडे पाहा. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा नवा कायदा आला. त्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणे, माल पाठवणाऱ्याने अधिक जोखमीचा दर देऊन अधिक किंमत जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते. समजा, भाडे ४० हजार रुपये आणि माल ५० लाखांचा आहे. माल गेला तर वाहतूकदाराला जास्तीत जास्त ४ लाख द्यावे लागतील. उरलेल्या ४६ लाखांची काळजी त्याने कशासाठी घ्यावी? वाहतूकदार अप्रामाणिक असतो असे येथे सुचवायचे नाही. बहुसंख्य वाहतूकदार एक-दोन गाड्यांचे मालक आहेत आणि अमर्याद जबाबदारीने ते बुडतील, हेही खरे. मुद्दा एवढाच की, ज्याच्या हाती खबरदारी घेणे आहे त्याच्यावर नुकसानीचा अल्प अंशच पडतो, आणि ज्याच्यावर नुकसान पडते त्याच्या हाती खबरदारी घेणे नाही.

ही दरी विम्याने भरून निघते असे मानावे, तर तिथेही गाफील राहून चालत नाही. सागरी मालविम्याच्या प्रचलित तीन प्रकारच्या अटींपैकी फक्त ‘ए’ प्रकारात चोरीची जोखीम अंतर्भूत असते. ‘बी’ आणि ‘सी’ या स्वस्त प्रकारांत ती वेगळी मागून घ्यावी लागते. हप्ता वाचवणारा लहान निर्यातदार नेमका स्वस्त प्रकार घेतो आणि दावा नामंजूर झाल्यावर अटी वाचतो. बैल गेला आणि झोपा केला, अशी त्याची गत होते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, प्रत्येक हातबदलाची नोंद. कारखान्याच्या दारात, गोदामात, बंदराच्या फाटकावर, जिथे जिथे ताबा बदलतो तिथे कंटेनरचा क्रमांक, सीलचा क्रमांक, वजन आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाव दोघांच्या समक्ष नोंदले जावे, आणि ज्याने काही शेरा न मारता माल घेतला, त्याच्याकडे तो सुस्थितीत आला असे कायद्याने गृहीत धरावे. यासाठी लागणारी साधने नवी आणायची नाहीत. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन देण्याचे बंधन १ जुलै २०१६ पासून जगभर आहे. ते जहाजाच्या सुरक्षिततेसाठी आले, पण दोन टप्प्यांवरील वजनांतील तफावत चोरीचाही सुगावा देऊ शकते. जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच वर्षी कंटेनरला इलेक्ट्रॉनिक खूण लावून त्याचा माग ठेवणे सुरू झाले. निर्यातीच्या कारखान्यात भरलेल्या कंटेनरसाठी २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील आले, २०१८ पासून ई-वे बिल आले, आणि २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. माहितीचा तुटवडा नाही. मात्र ही माहिती कंटेनर कुठे आहे हे सांगते, आत काय आहे आणि त्याला जबाबदार कोण हे सांगत नाही. तो प्रश्न माणसांनी माणसांना विचारावा लागतो.

दुसरी गोष्ट, माल देण्यापूर्वी ओळख पटवणे. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा परवाना सरकारी नोंदींशी ताडून पाहण्याची सोय आज उपलब्ध आहे. आलेल्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करणे एवढी साधी खबरदारी अनेक फसवणुकी टाळू शकेल. काम परस्पर दुसऱ्याला देण्यास मालाच्या मालकाची लेखी संमती आवश्यक असावी.

तिसरी गोष्ट, थांबण्याच्या जागा. महामार्गांवर ठरावीक अंतराने कुंपण, उजेड आणि पहारा असलेले ट्रकतळ हवेत, आणि ते चालकाला परवडणारे हवेत. चालकाला खेपेवर नव्हे तर वेळेवर आणि नियमित वेतन मिळाले, तर थेम्सकाठच्या हमालाचा धडा आपण शिकलो असे म्हणता येईल.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चोरीचा माल विकत घेणारा. एक ट्रकभर औषधे किंवा वीस टन तांब्याची तार चोर घरी ठेवू शकत नाही. ती बाजारात यावी लागते, आणि ती घेणारा बहुधा दुकान, गोदाम व बिलबुक असलेला प्रतिष्ठित माणूस असतो. गिऱ्हाईक नसेल तर या धंद्यात नफा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांच्या ११२ व्या कलमात मालवाहतुकीतील चोरीचा नावानिशी उल्लेख आला आणि त्यास एक ते सात वर्षांची शिक्षा ठेवली गेली, हे स्वागतार्ह आहे. विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार करणाऱ्या वाहतूकदारास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास एरवी तीनच वर्षांपर्यंत. सराईतपणे असा व्यवहार करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते खरी, पण सराईतपणा सिद्ध व्हायला तपास मालापासून मागे चोराकडे जितका जातो, तितकाच पुढे खरेदीदाराकडेही जावा लागतो. चालकाला अटक झाली की तपास संपला, ही वृत्ती सोडल्याशिवाय हे होणार नाही. या कलमाखालील गुन्ह्यांतून मालवाहतुकीच्या चोरीचे आकडे दरवर्षी वेगळे प्रसिद्ध केले, तर कोठे, कोणता माल आणि कोणत्या टप्प्यावर जातो हे कळेल. ज्याची मोजदाद नाही त्याचा बंदोबस्तही होत नाही.

या सर्वांवर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. प्रत्येक टप्प्यावर तपासणी म्हणजे विलंब, आणि विलंब म्हणजे खर्च. शिवाय थांबलेला माल धोक्यात असतो हे वर मान्य केलेच आहे. उत्तर असे की, तपासणी आणि खोळंबा या एकच गोष्टी नव्हेत. मिनिटभराची पडताळणी आणि एक सही यांनी वाहतूक अडत नाही. ती अडते अपुऱ्या धक्क्यांनी, अरुंद रस्त्यांनी आणि कागदांच्या दुबार मागण्यांनी.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या बंदरास जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्या बंदरास स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे, आणि तो स्वतंत्र व गंभीर प्रश्न आहे. परंतु बंदर जिथे होईल तिथे त्याच्या आराखड्यात कुलपांची जागा आधीच धरलेली असते. हमालाच्या नोंदणीची, चालकाच्या निवाऱ्याची आणि ताबा देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सहीची जागाही तितक्याच काळजीने धरली जाते काय, यावर त्या बंदरातून किती माल सुखरूप बाहेर पडेल हे ठरेल. भिंत बांधणे सोपे असते. कोणाला विचारायचे हे ठरवणे कठीण असते, आणि नेमके तेच काम आजवर टाळले गेले आहे.